भागीदाराचे बाहेर पडणे : एका कायद्याची वाटचाल

लखनौच्या उत्तर भागातील विकास नगरसारख्या वसाहतींत औषधांचे दुकान, शिकवणी वर्ग किंवा बांधकामाचा ठेका दोघातिघांच्या भागीदारीत चालतो, आणि त्यांतला एक जण बाहेर पडला तर पेढीचे व त्याचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने 1872 पासून दोनदा बदलले आहे.

1872 च्या करार कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, एक भागीदार गेला की उरलेल्यांमधील भागीदारीही मोडत असे, कारण माणसांवेगळे पेढीला अस्तित्वच नव्हते. 1 ऑक्टोबर 1932 रोजी तेव्हाच्या संयुक्त प्रांतासह ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झालेल्या भागीदारी कायद्याने निवृत्ती, म्हणजे पेढी चालू असताना एकाने बाहेर पडणे, आणि विसर्जन, म्हणजे सर्वांमधील भागीदारी संपणे, यांत फरक केला. मात्र पेढीत दोघेच असतील, तर एकाची निवृत्ती म्हणजे विसर्जनच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवल्यास, जाणाऱ्याला आपल्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा किंवा हिश्शावर दरसाल 6 टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते. पूर्वीच्या देण्यांतून तो सुटतो तो धनकोही तशा सुटकेच्या कराराला राजी असेल तरच; आणि नव्या देण्यांसाठी, त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्यांपुरता, जाहीर नोटीस निघेपर्यंत तो बांधलेला राहतो. ही नोटीस राजपत्रात व पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात छापावी लागते, आणि पेढी नोंदलेली असल्यास निबंधकालाही कळवावे लागते.

31 मार्च 2009 पासून अमलात येऊ लागलेल्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने संस्थेला भागीदारांहून वेगळे कायदेशीर व्यक्तित्व दिले, त्यामुळे एकाच्या जाण्याने ती मोडत नाही. करारात तरतूद नसेल तर 30 दिवसांची लेखी सूचना देऊन भागीदार बाहेर पडतो व त्याला प्रत्यक्ष घातलेले भांडवल आणि तोटा वजा जाता साठलेल्या नफ्यातील वाटा मिळतो. पण मागे एकच भागीदार उरला आणि हे ठाऊक असूनही त्याने सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ धंदा चालवला, तर त्यानंतरच्या देण्यांना तो जातीने जबाबदार ठरतो.

तरीही एक तत्त्व कायम राहिले, ते असे की निबंधकाकडे सूचना पोहोचेपर्यंत, किंवा समोरच्याला ती गोष्ट ठाऊक होईपर्यंत, गेलेला माणूस त्याच्यासाठी भागीदारच असतो. म्हणूनच संस्था ही सूचना देणार नाही असे मानण्यास सबळ कारण असेल, तर ती स्वतः दाखल करण्याचा हक्क या कायद्याने जाणाऱ्याला दिला. आपसांतला विश्वास भागीदारांच्या संमतीने संपत असला, तरी उधारी देणाऱ्या परक्या माणसाचा विश्वास त्याला कळवल्यावाचून संपू नये, हा न्याय दीडशे वर्षांच्या या वाटचालीचे खरे सार आहे, आणि तोंडी फारकतीवर विसंबणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तो माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे.