वाय-फायचा तारयुक्त विस्तार

वाय-फायचा तारयुक्त विस्तार ही मुख्य घरातील इंटरनेट जोडणी तारेने दुसऱ्या खोलीत नेऊन तेथे स्वतंत्र बिनतारी केंद्र उभारण्याची पद्धत आहे. घरापासून अलग असलेली बागेतील खोली, गच्चीवरील खोली, अभ्यासिका, कोकणातील मांगर किंवा शेतघर अशा ठिकाणी मुख्य राउटरच्या लहरी पोहोचत नाहीत, तेव्हा ही पद्धत वापरली जाते. मुंबईच्या गोवंडीसारख्या दाट वस्तीत बाग नसली तरी घराच्या वर किंवा बोळापलीकडे असलेल्या खोलीबाबत हाच प्रश्न उद्भवतो.

पार्श्वभूमी

इथरनेट हे तारयुक्त तंत्रज्ञान १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्स यांनी विकसित करण्यास प्रारंभ केला. वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती वाय-फाय प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालते. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून तुलनेने अधिक दूर जातात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी विटांच्या व सळईयुक्त काँक्रीटच्या भिंतींत तो लवकर क्षीण होतो. धातूचा पत्रा दोन्ही पट्ट्यांतील लहरी परावर्तित करतो. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत लहरी मुख्यतः दार, खिडकी व फटींतूनच शिरतात.

अशा वेळी अधिक शक्तीचा राउटर घेण्याचा उपयोग मर्यादित असतो. राउटरचा आवाका वाढला तरी मोबाइल किंवा लॅपटॉपची प्रक्षेपणशक्ती तेवढीच राहते आणि संभाषण दुतर्फी असल्यामुळे दुर्बल बाजूच जोडणीची मर्यादा ठरवते. तार खोलीपर्यंत नेल्यास भिंतीचा अडसरच उरत नाही. लहरींना केवळ खोलीच्या आतील काही फुटांचे अंतर कापावे लागते.

गोवंडीतील परिस्थिती

गोवंडी हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील हार्बर मार्गावरील स्थानक चेंबूर व मानखुर्द यांच्या दरम्यान असून हा परिसर महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडतो. येथील शिवाजीनगर ही वसाहत १९७० च्या दशकात महानगरपालिकेने आखून वसवली. तेथील मूळ भूखंड साधारणतः १० फूट रुंद व १५ फूट लांब, म्हणजे १५० चौरस फुटांचे होते. कुटुंब वाढले की जागा वरच्या दिशेने वाढवली जाते. प्रथम पोटमाळा, नंतर बाहेरून लोखंडी शिडी असलेली वरची खोली अशी ही वाढ होते. ही खोली राहण्यासाठी, भाड्याने देण्यासाठी, शिवणकाम वा जरीकामासाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी वापरली जाते.

वरच्या खोलीच्या भिंती व छप्पर अनेकदा पत्र्याचे असते. त्यामुळे खालच्या राउटरपासून अंतर जेमतेम १० फूट असूनही वर जोडणी तुटक मिळते. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन सुरू झाले, तेव्हा अपुऱ्या जागेत राहणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळ्या खोलीतील खात्रीशीर जोडणी हा शिक्षणाचाच प्रश्न बनला. दाट वस्तीतील दुसरी अडचण गर्दीची आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात १, ६ व ११ या तीनच वापरल्या जातात. शेजारच्या अनेक घरांतील राउटर त्याच वाहिन्यांवर चालत असल्याने प्रत्येकाचा वेग घटतो. तारेने आलेल्या जोडणीच्या मुख्य टप्प्यावर या गर्दीचा परिणाम होत नाही.

रचना

या व्यवस्थेचे तीन भाग असतात : मुख्य राउटर, जोडतार आणि दूरच्या खोलीतील ॲक्सेस पॉइंट. राउटरच्या लॅन खाचेतून निघालेली तार ॲक्सेस पॉइंटमध्ये जोडली जाते. घरातील जुना राउटरही ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. त्यासाठी त्यातील डीएचसीपी सेवा बंद करतात, त्याला मुख्य राउटरहून वेगळा पण त्याच शृंखलेतील आयपी पत्ता देतात आणि तार त्याच्या वॅन खाचेऐवजी लॅन खाचेत जोडतात. असे न केल्यास दोन स्वतंत्र जाळी तयार होतात व खालच्या खोलीतील प्रिंटर वा टीव्ही वरून दिसत नाही. दोन्ही ठिकाणी जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवल्यास मोबाइल जागेनुसार जोडणी बदलतो. वाहिन्या मात्र वेगवेगळ्या ठेवल्या जातात.

तारेची निवड

तांब्याच्या पिळदार जोड्यांच्या इथरनेट तारेची कमाल लांबी १०० मीटर मानली जाते. घरगुती वापरासाठी कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची तार पुरते. तारेत चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगासाठी दोन जोड्या लागतात, तर तांब्याच्या तारेवरील प्रचलित गिगाबिट जोडणीसाठी चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली किंवा टोकाचा कनेक्टर नीट दाबला गेला नाही, तर जोडणी चालू राहूनही वेग १०० मेगाबिटवर अडकतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त तारही मिळते. तिचा रोध अधिक असून ती वाकवताना लवकर तुटते आणि ती इथरनेट मानकांत बसत नाही.

मुंबईत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घराबाहेरील तारेसाठी ऊन व पाणी सोसणारे काळे पॉलिथिलीन आवरण आवश्यक असते. घरातील वापराची तार उन्हात तडकते आणि तडीतून शिरलेले पाणी जोड्यांपर्यंत पोहोचते. तार भिंतीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली वळण दिले जाते, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी ठिबकते व आत वाहत नाही. पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना पीव्हीसी नळीचा तुकडा बसवला जातो, अन्यथा पत्र्याची धार आवरण कापते.

वीजपुरवठा व सुरक्षितता

तारेवरूनच वीज पुरवण्याच्या पद्धतीस पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. तिच्या २००३ च्या मानकानुसार स्रोताकडून १५.४ वॉटपर्यंत, तर २००९ च्या मानकानुसार ३० वॉटपर्यंत शक्ती देता येते. त्यामुळे ॲक्सेस पॉइंटजवळ प्लग लागत नाही आणि खाली ठेवलेल्या एकाच बॅटरीसंचावर दोन्ही उपकरणे चालू शकतात.

इथरनेट तार विजेच्या तारेसोबत एकाच नळीतून नेणे धोक्याचे असते. तार लोखंडी शिडीला वा विजेच्या खांबाला गुंडाळणेही टाळले जाते, कारण आवरण घासून धातूशी संपर्क आल्यास गळतीचा प्रवाह उपकरणांपर्यंत जाऊ शकतो. दोन इमारतींना वेगवेगळे मीटर व वेगवेगळे भूसंपर्कन असल्यास कवचयुक्त तारेच्या धातूच्या कवचातून अनपेक्षित प्रवाह वाहण्याची शक्यता असते. मुंबईत पावसाळ्याच्या आरंभी व परतीच्या पावसात गडगडाटी वादळे होतात. जवळ वीज कोसळल्यास उघड्यावरील तांब्याच्या तारेत उच्च दाब प्रवर्तित होऊन दोन्ही टोकांची उपकरणे निकामी होऊ शकतात. अशा ठिकाणी दोन इमारतींदरम्यान ऑप्टिकल फायबर वापरणे अधिक सुरक्षित ठरते. काचतंतू वीजवाहक नाही व त्याला १०० मीटरची मर्यादाही नाही. मात्र दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवावा लागतो, आधारासाठी पोलादी तार नसलेली फायबर निवडावी लागते आणि दूरच्या टोकाला विजेची सोय करावी लागते.

पर्यायी पद्धती

तार ओढणे शक्य नसल्यास रिपीटर, मेश संच किंवा घरातील विजेच्या वायरिंगमधून जोडणी नेणारे पॉवरलाइन ॲडाप्टर वापरतात. एकाच वाहिनीवर ऐकून पुन्हा प्रक्षेपण करणाऱ्या रिपीटरमुळे उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. पॉवरलाइन ॲडाप्टर स्वतंत्र मीटर असलेल्या दोन जागांत सहसा नीट चालत नाहीत. मेश संचातील केंद्रेही तारेने जोडता येतात व तसे केल्यास त्यांची कार्यक्षमता वाढते.

कायदेशीर बाजू

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. त्यामुळे घरगुती ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळा परवाना लागत नाही. सार्वजनिक वाय-फाय सेवा देऊ इच्छिणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तिच्या अंतर्गत सार्वजनिक डेटा कार्यालय चालवण्यास परवाना वा शुल्क आवश्यक नाही.

हेही पहा

इथरनेट
वाय-फाय
ऑप्टिकल फायबर
गोवंडी रेल्वे स्थानक