शेवटचे गाणे कोणाच्या वाट्याला?

संगीताचा इतिहास आपल्याकडे बहुतेक व्यासपीठाच्या बाजूने लिहिला गेला आहे. घराणी, गुरुपरंपरा, ध्वनिमुद्रिका, फार तर एखाद्या नाट्यगृहाची जन्मकथा. यांतून जे उरते ते 'रसिक' या एका शब्दात गुंडाळून ठेवले जाते. हा रसिक कोठून आला, रात्री कोठे टेकला, आणि मुख्य म्हणजे शेवटपर्यंत थांबू शकला का, हे प्रश्न संगीतबाह्य समजले जातात. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ते पडण्याचे कारणही नाही. अमरावती-अकोल्याच्या माणसाला मात्र प्रथम तेच पडतात. दिवसभर किंवा रात्रभर चालणाऱ्या मैफलीकडे या परगावच्या श्रोत्याच्या बाजूने पाहिले, तर तिच्या लांबीचा अर्थच बदलतो, असे मला वाटते. त्या अंगाने वऱ्हाड आणि त्याच्या वाटेवरचे तीन-चार उत्सव पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात लोहमार्गापासून करावी लागते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचला. या मार्गाची ओढ कापसाची होती; सरकी काढलेल्या रुईच्या गाठी मुंबई बंदराला लवकर लागाव्यात हा हिशेब. माणसे त्याच वाटेने मागाहून गेली. अकोल्याहून मुंबई सुमारे ५८० किलोमीटर, बडनेऱ्याहून सुमारे ६६०. हे अंतर मोठे चमत्कारिक आहे. एका रात्रीत कापता येते, म्हणून मुंबई अप्राप्य वाटत नाही. परंतु एका दिवसात जाऊन परतता येत नाही, म्हणून ती आपलीही होत नाही. संध्याकाळी गाडीत बसावे, सकाळी बोरीबंदरला उतरावे, आणि रात्रीच्या गाडीने माघारी फिरावे, या चौकटीत वऱ्हाडी माणसाची मुंबई कित्येक पिढ्या बसलेली आहे. कोर्टाचे काम असो, मोठ्या इस्पितळाची फेरी असो की गाणे असो, हाती येतो तो दोन रात्रींमधला एक दिवस.

आता या चौकटीत रॉक संगीत ठेवून पाहावे. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी मुंबईत 'इंडिपेन्डन्स रॉक' हा उत्सव सुरू केला. जागा धोबीतलावजवळचे रंगभवन. वर आकाश असलेले, झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेले खुले नाट्यगृह. १९७८ साली 'जाझ यात्रा'ही येथेच सुरू झाली होती. पंधरा ऑगस्टच्या आसपास, म्हणजे देशाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने, एकामागून एक वाद्यवृंद येथे वाजवीत. त्या काळी या मंडळींच्या वादनात लेड झेपलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड यांच्या गाण्यांचा वाटा मोठा असे. स्वतःची गाणी रचणारे 'रॉक मशीन'सारखे (पुढे ज्याचे 'इंडस क्रीड' झाले) वृंद थोडे. मूळ कलावंत भारतात क्वचित येत. तेव्हा त्यांची गाणी आपल्यातल्याच कोणीतरी समोर उभे राहून वाजवणे, हे चाहत्याच्या दृष्टीने दर्शनाच्या जवळ जाणारे होते.

वऱ्हाडात हे संगीत पोचले ते भरून घेतलेल्या कॅसेटींतून, वसतिगृहांच्या खोल्यांतून, आणि १९९१ नंतर केबलवरून दिसू लागलेल्या परदेशी वाहिन्यांवरून. १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादेहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले. हे मासिक मुंबई-दिल्ली सोडून अलाहाबादेहून निघावे यालाही अर्थ आहे. गाणे दूर आहे ही जाणीव आधी दूरच्या गावांनाच होते. अकोल्याचा असा एखादा विद्यार्थी कल्पावा, की ज्याचा वाढदिवस नेमका ऑगस्टच्या मध्यात येतो आणि ज्याला त्या दिवशी नवे कपडे नकोत, रंगभवनाचे तिकीट हवे आहे. घर शेतकऱ्याचे असेल तर ऑगस्टात डवरणी-निंदणीचे दिवस. पैसा शेतात गेलेला, परत यायचा तो कापूस विकल्यावर, दिवाळीच्या पुढे. तरी तो जनरलच्या डब्यातून जातो. सकाळी बोरीबंदरला उतरतो. रंगभवन तेथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मुंबईत कोणाकडे उतरण्याची गरज नाही. दिवसभराच्या मैफलीचा पहिला गुण येथे दिसतो. परगावच्या माणसाचा मोकळा दिवस ती भरून काढते आणि मुक्कामाचा प्रश्नच उद्भवू देत नाही.

दोष दिसतो तो संध्याकाळी. नामांकित वृंद शेवटी येतो हा सर्वत्र रिवाज. आणि विदर्भाकडे जाणाऱ्या नेहमीच्या गाड्या सुटतात त्या संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. ज्यासाठी ५८० किलोमीटर आलो तो वृंद मंचावर येण्याची वेळ आणि गाडी गाठण्यासाठी उठण्याची वेळ एकच. उठावे तर आलो कशाला, आणि बसावे तर रात्र फलाटावर. दादर-बांद्र्याच्या श्रोत्याला हा पेच नव्हता. त्याची शेवटची लोकल मध्यरात्रीनंतरही होती.

हा पेच वऱ्हाडापुरताच आहे असे मात्र नाही. दिवसभराच्या रॉक मैफलींचे आद्यपीठ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो वुडस्टॉकचा उत्सव १९६९ च्या १५ ऑगस्टलाच न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे सुरू झाला. तीन दिवसांचा कार्यक्रम लांबत चौथ्या दिवसावर गेला. चार लाखांच्या वर लोक जमले होते असे मानले जाते. सर्वांत मोठे आकर्षण असलेला जिमी हेन्ड्रिक्स मंचावर आला तो सोमवारी, १८ तारखेच्या सकाळी. तोवर बहुतेक लोक निघून गेले होते. समोर उरले ते त्या मानाने थोडेच. चित्रपटामुळे त्याचे ते वादन पुढे जगाने पाहिले, पण तिथवर चालत आलेल्यांपैकी बहुसंख्यांनी ते ऐकलेच नाही. सोमवार हा कामाचा वार होता. शेवटचे गाणे कोणाच्या वाट्याला येते, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची गरज नाही: ज्याला थांबणे परवडते त्याच्या.

आपल्याकडील जुन्या मैफलीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. ती रात्रभर चाले. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि १९५३ पासून भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव भरू लागला. त्याची सत्रे रात्र रात्र चालत आणि अखेरचे सत्र उजाडेपर्यंत जाई. रात्री उशिराचे आणि पहाटेचे राग ज्या त्या प्रहरी ऐकायला मिळत, हे त्याचे संगीतदृष्ट्या महत्त्व सर्वांनीच सांगितले आहे. पण परगावच्या श्रोत्यासाठी मांडव हाच मुक्काम होता, हे सहसा कोणी सांगत नाही. डिसेंबरची थंडी, अंगावर घोंगडी किंवा शाल, मध्येच लागलेली डुलकी आणि भैरवी संपल्यावर थेट स्टेशन. जो शेवटचा गाई त्याला ऐकण्यासाठी काहीच सोडावे लागत नसे, कारण सकाळपर्यंत जायचे होते तरी कोठे? शिवाय डिसेंबर म्हणजे कापूस विकला जाण्याचा हंगाम. वऱ्हाडी रसिकाच्या खिशात तेव्हा चार पैसे असण्याची शक्यता ऑगस्टहून अधिक.

आणि वऱ्हाडाचा स्वतःचा उत्सव? तो गुरुकुंज मोझरीत आहे, अमरावतीहून नागपूरच्या वाटेवर. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. हातात खंजिरी घेऊन हजारोंच्या सभा भजनावर धरून ठेवणारा हा माणूस लोकप्रियतेच्या अर्थाने आपल्या भागाचा सर्वांत मोठा गायक होता, हे संतत्वाच्या चर्चेत झाकले जाते. त्यांचा जन्मदिवस 'ग्रामजयंती' म्हणून साजरा होतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले, आणि आश्विन वद्य पंचमीला त्यांच्या पुण्यतिथीचा महोत्सव भरतो. गावोगावची भजनी मंडळे पालख्या घेऊन, कित्येक पायी, येथे येतात. या उत्सवाची सारी मांडणी बाहेरून येणाऱ्याला धरून आहे. जेवण आहे, पथारी टाकायला जागा आहे, आणि आलेला प्रत्येक मेळा स्वतःच भजन म्हणणारा असल्यामुळे श्रोता आणि गायक यांच्यात भिंत नाही. परंतु सर्वांत लक्षणीय आहे तो त्याचा कळस. महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तो प्रचंड समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. आयुष्यभर गाणाऱ्या माणसाच्या उत्सवात शेवटची जागा कोणाही गायकाला दिलेली नाही. ती जमलेल्या सर्वांची आहे, तिची वेळ आधीपासून ठाऊक आहे, आणि दिवेलागणीच्या आत ती येते. ज्याला संध्याकाळची एस.टी. गाठायची आहे तोही कळसाला मुकत नाही.

२००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. इस्पितळे, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या बंधनांना भक्कम पाठबळ दिले. पुण्याच्या महोत्सवातील रात्री गेल्या. सत्रे दुपारकडे सरकली. शेजारी महाविद्यालय आणि इस्पितळे असलेले रंगभवन मैफलींना बंद झाले. 'इंडिपेन्डन्स रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानाकडे गेला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ साली पुन्हा भरला.

या नियमांविरुद्ध गळा काढण्याचा माझा हेतू नाही. इस्पितळातील रुग्णाची झोप कोणत्याही दरबारी कानड्यापेक्षा मोलाची आहे. मुद्दा इतकाच की या न्याय्य बदलाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. शहरातला श्रोता दहा वाजता घरी जाऊन झोपला. परगावच्या श्रोत्याचा मांडव मात्र दहा वाजता उठला, आणि त्याच्या वाट्याला लॉजचे भाडे आले. पहाटेच्या रागांबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. त्या श्रोत्याच्या रात्रीविषयी तितके बोलले गेले नाही.

मग दूरच्या गावातील चाहत्याने काय करावे? एक उत्तर शिलाँगमध्ये आहे. तेथील गायक लू माजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी, म्हणजे बॉब डिलनच्या वाढदिवशी, आपल्याच गावात डिलनची गाणी गाण्याचा उत्सव करीत आले. डिलनकडे जाता येत नाही, तर त्याचा वाढदिवस आपल्याकडे आणावा, एवढा साधा विचार. आपल्याला तो परका वाटू नये. आदल्या रात्रीपासून भीमगीतांनी जागणारी चौदा एप्रिलची वस्ती अकोल्याने पाहिली आहे, तीस एप्रिलची ग्रामजयंती अमरावतीने पाहिली आहे. आवडत्या माणसाचा जन्मदिवस गाण्याने साजरा करावा आणि त्यासाठी गावच मांडव करावा, ही रीत वऱ्हाडाच्या अंगवळणी पडलेली आहे.

तरीही प्रवास संपणार नाही, आणि संपूही नये. आज फोनवर सारे काही ऐकू येते; पण चार हजार माणसांत उभे राहून ऐकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कोणी ना कोणी संध्याकाळच्या गाडीत बसणारच. उत्सव भरवणाऱ्यांना आपला उत्सव किती मोठा झाला हे मोजायचे असेल, तर त्यांनी तिकिटांबरोबर आणखी एक गोष्ट मोजावी: सर्वांत दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला शेवटचे गाणे ऐकून घरी परतता येते का.