तांडा, ट्रक आणि एका व्यवसायाचा जमाखर्च

कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहनकाळी नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. त्या घाटात नागनिकेचा शिलालेख आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे आणि रांजणात जकात जमा होई असे परंपरा सांगते. राणीचे नाव उरले, जकातीचे भांडे उरले. बैल हाकणाऱ्याचे काहीच उरले नाही. आज उल्हासनगर-अंबरनाथचा माल शहाड-मुरबाडवरून शेजारच्या माळशेज घाटाने अहिल्यानगरकडे जातो. तो नेणारा ड्रायव्हरही आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच भेटतो. घोडे बदलण्याच्या जागेवरून बदलापूर हे नाव पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, थांब्यावरून ओळखले जाणारे गाव आमच्या वाटेवर आहे, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर गेली आणि बैलांच्या तांड्यांचे दिवस सरले. ट्रकाचा काळ पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर आला. लष्कराच्या जुन्या गाड्या तेव्हा देशभर लिलावात निघाल्या. इथली लष्करी छावणी, म्हणजे कल्याण कॅम्प, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. बराकींतून कारखानदारी उभी राहिली. अंबरनाथला काडेपेटी, दारूगोळा आणि पुढे औद्योगिक वसाहत आली. माल तयार होऊ लागला, की तो नेणाराही लागतोच.

मात्र हा नेणारा फार दूर जाऊ नये, अशीच सरकारची प्रारंभीची इच्छा होती. रेल्वेच्या उत्पन्नाला धक्का लागू नये म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची कुंपणे घातली. १९७५ साली नॅशनल परमिट आले आणि लांब पल्ल्याचा ड्रायव्हर खऱ्या अर्थाने अस्तित्वात आला. इथूनच त्याच्या नफ्यातोट्याचा हिशेब मांडावा लागतो.

नफ्याची बाजू लहान नाही. शिक्षण अपुरे असलेल्या, जमीन नसलेल्या मुलाला क्लीनर म्हणून चढता येई, दोन-चार वर्षांत स्टेअरिंग हाती येई, आणि उचल-कर्ज करून जुनी गाडी घेतली की तो मालकही होई. एवढी सरळ शिडी गिरणीतही नव्हती. शिवाय देश पाहायला मिळे, आणि रस्त्यावर असेपर्यंत डोक्यावर मुकादम नसे. या स्वातंत्र्याचे मोल पगाराच्या आकड्यात बसत नाही, म्हणून अर्थशास्त्राचे आमचे सहकारी ते सोडून देतात.

तोट्याची बाजू समजण्यासाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा वाचावा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला फार तर दहा तास. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. २०२५ पर्यंत चाललेला हा कायदा चांगला होता. पण तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला, आणि आपल्याकडे बहुसंख्य मालकांच्या गाड्या मोजक्याच. म्हणजे ज्याला कायद्याची सर्वाधिक गरज, तोच कायद्याच्या दारातून परत जाई. त्यात मोबदला बहुधा खेपेवर. कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी दोन दिवस उभी राहिली, तर ते दोन दिवस ड्रायव्हरचे. मालकाचे नव्हेत, कारखानदाराचे तर नव्हेतच. मुंबईच्या वेशीवर मुलुंड-दहिसरचे जकात नाके ३० जून २०१७ पर्यंत होते. ते उठले, रांगा गेल्या. वाचलेले तास झोपेत गेले की पुढच्या खेपेत, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. खेपेवर पैसे मिळत असतील, तर उत्तर अवघड नाही.

दोषाची वाटणीही अशीच होते. २०१४ साली उल्हासनगरात टँकरमधून वालधुनी नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. असे काही घडले, की लोकांच्या नजरेसमोर पहिल्यांदा येतो तो टँकर हाकणारा. माल कोणाचा, हे नंतर. अपघातातही तेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) नुसार मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चाके थांबली. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा, हे ड्रायव्हरांचे म्हणणे होते. मृताच्या नातलगांचा आक्रोशही आम्हांला तितकाच खरा वाटतो; पण त्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या शहरांना हा माणूस बहुधा प्रथमच आठवला. संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

२०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. आधीच्या गाड्यांना हा नियम नाही.