सासेमिनेआश : एका आंबट फळाच्या नोंदी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केप कॉडच्या परिसरात एक आख्यायिका सांगितली जाते. रिचर्ड बोर्न नावाचा इंग्रज धर्मोपदेशक आणि तिथला एक मूलनिवासी वैदू यांच्यात वाद जुंपला. वैदूने मंत्र घालून बोर्नचे पाय दलदलीत रोवून टाकले. झुंज पंधरा दिवस चालली. या काळात एक पांढरे कबूतर अधूनमधून उडत येई आणि बोर्नच्या तोंडी एक लाल फळ घालून जाई. वैदूच्या पोटात मात्र अन्नपाणी नव्हते. तो अखेर कोसळला, मंत्र सुटला. त्याच वेळी कबुतराच्या चोचीतले एक फळ दलदलीत पडले, रुजले, आणि अशा रीतीने केप कॉडला क्रॅनबेरी आली.

कथा म्हणून हिची बांधणी पक्की आहे. निर्जन स्थळी पक्ष्याने संताला भरवणे ही बायबलातल्या एलियाच्या गोष्टीची ओळखीची खूण. बोर्न ही ऐतिहासिक व्यक्ती होती. मॅशपी येथील वाम्पानोआग लोकांच्या नावे जमीन राहावी म्हणून त्याने खटपट केली होती, हेही नमूद करायला हवे. प्रश्न कथेचा आहे. जे फळ वाम्पानोआग लोक शतकानुशतके खात आले, ते येथे परक्या धर्मोपदेशकाला मिळालेला स्वर्गीय प्रसाद ठरते. आणि या दलदलीचा पिढीजात जाणता असलेला वैदू त्याच दलदलीच्या काठावर उपाशी कोसळतो! मिथक इतिहास पुसत कसे जाते, हे वर्गात शिकवायचे झाल्यास याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

मग त्या फळाचा मूलनिवासी आहारातला इतिहास शोधायचा कुठे? तो लिहून ठेवणारे बहुतेक जण ते फळ पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांपैकी नव्हते. म्हणून या नोंदी जरा तिरकस नजरेने वाचाव्या लागतात.

आधी नावाचा प्रश्न. इंग्रजी शब्दाचे मूळ उत्तर जर्मनीतल्या बोलीत आहे. तिथल्या 'क्रानबेरे'चा अर्थ क्रौंचाचे फळ असा होतो. झुकलेल्या फुलात लोकांना त्या पक्ष्याची मान आणि चोच दिसली, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. म्हणजे नाव युरोपातून आले आणि अमेरिकेतल्या फळावर चिकटले. नॅरागॅन्सेट लोक मात्र या फळाला 'सासेमिनेआश' म्हणत. ओजिब्वे भाषेतला शब्द 'मश्कीगिमिन' असा आहे. त्यात 'मश्कीग' म्हणजे दलदल आणि शेवटचे 'मिन' म्हणजे फळ, दाणा. हाच 'मिन' त्यांच्या स्ट्रॉबेरीच्या नावात येतो आणि 'मनोमिन' या जंगली भाताच्या नावातही ऐकू येतो. नावातच फळाचा पत्ता आहे. पक्ष्याच्या मानेवरून तो लागत नाही.

मराठीत आपली पंचाईत वेगळी. क्रॅनबेरीला प्रतिशब्द म्हणून काही जण करवंद सुचवतात, आणि साखरेत मुरवून रंगवलेली करवंदे तशा नावाने विकलीही जातात. दोन्ही फळे रानातली, दोन्ही आंबट, एवढेच त्यांचे नाते. करवंद कण्हेरीच्या कुळातले, तर क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या. एक सह्याद्रीच्या तापलेल्या कातळावर वैशाखात पिकते. दुसरे गार, आम्लधर्मी दलदलीत शरद ऋतूच्या अखेरीस. तेव्हा येथे 'क्रॅनबेरी' हाच शब्द ठेवला आहे.

लिखित नोंदींमध्ये रॉजर विल्यम्सचे पुस्तक महत्त्वाचे. हा धर्मोपदेशक १६३१ मध्ये अमेरिकेत आला आणि नॅरागॅन्सेट लोकांच्या शेजारी राहून त्यांची भाषा शिकला. त्याचे शब्दसंग्रहवजा पुस्तक १६४३ मध्ये लंडनला छापले गेले. त्यातली फळांची पाने बारकाईने वाचावीत. सुकवलेल्या लहान काळ्या बेरींविषयी तो सविस्तर सांगतो. त्या कुटून भाजलेल्या मक्याच्या पिठात कालवतात, त्या पदार्थाला अमुक म्हणतात, तो फार रुचकर लागतो. स्ट्रॉबेरी उखळात चेचून पिठात मिसळतात आणि त्याची भाकरी करतात, हेही तो सांगतो. सासेमिनेआशपाशी मात्र तो आखडता हात घेतो. आंबट, थंड गुणाचे, पाणथळीत हिवाळाभर टिकणारे फळ. साखरेत घालून ठेवल्यास तापावर उत्तम. संपले! हा गुण इंग्रज औषधी परंपरेतून सांगितलेला आहे. नॅरागॅन्सेट बाई या फळाचे काय करत होती, हे वाक्यात नाही. परंतु त्याच पानांवर मक्याची पेज आहे, कुटलेली फळे आहेत, उखळ आहे. वाम्पानोआग आणि नॅरागॅन्सेट घरांत आजही 'नसॉम्प' ही मक्याची घट्ट पेज बेरी आणि सुकामेवा घालून करतात, आणि त्या बेरींत क्रॅनबेरी असते. विल्यम्सने रिकामी ठेवलेली जागा चुलीपाशी भरून निघते.

१६७२ मध्ये जॉन जोसेलिन याने या प्रदेशातल्या नवलाईच्या वस्तूंवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, मूलनिवासी आणि इंग्रज दोघेही हे फळ पुष्कळ वापरतात, साखर घालून उकळतात आणि मांसाबरोबर तोंडी लावतात. स्कर्व्हीवर ते गुणकारी असल्याचेही तो नोंदवतो. अस्वले ते आवडीने खातात म्हणून त्याचे एक नाव अस्वलफळ, अशी भरही घालतो. या नोंदीतला 'साखर' हा शब्द मला सर्वांत बोलका वाटतो. या लोकांकडे उसाची साखर नव्हती. मेपल झाडाचा रस आटवून गोडी आणता येई, किंवा आंबटपणा तसाच स्वीकारून तो चरबी, मका आणि मांस यांच्या संगतीत मुरवला जाई. आमसुलाशिवाय आमटी न करणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आंबट फळ ही उणीव असते आणि ती साखरेने भरून काढायची असते, हा विचार साखर हाताशी असणाऱ्यांचा.

साखर कुठून येत होती, हेही पाहायला हवे. १६७५-७६ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये वसाहती आणि मूलनिवासी यांच्यात भीषण युद्ध झाले. इंग्रज ज्याला 'किंग फिलिप' म्हणत तो वाम्पानोआग नेता मेटाकॉम ऑगस्ट १६७६ मध्ये मारला गेला. त्याचे शिर प्लिमथ येथे खांबावर लावून ठेवले. १६२१ मध्ये याच प्लिमथला त्याचे वडील मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांनिशी वसाहतवाल्यांच्या सुगीच्या जेवणाला आले होते आणि त्यांच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली होती. युद्धातले अनेक बंदी गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांकडे विकले गेले. त्याच बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, आफ्रिकी गुलामांच्या कष्टांतून निघालेली साखर आणि काकवी न्यू इंग्लंडच्या बंदरांत उतरत होती. माणसे एका दिशेने जात होती आणि साखर दुसऱ्या दिशेने येत होती.

युद्ध संपल्यानंतरच्याच वर्षी, १६७७ मध्ये, मॅसॅच्युसेट्स वसाहतीने राजा दुसरा चार्ल्स याला भेट पाठवली. वसाहतीने स्वतःची नाणी पाडल्यामुळे राजाची मर्जी खप्पा झाली होती. भेटीत तीन हजार कॉड मासे, 'सॅम्प'ची दोन मोठी पिंपे आणि क्रॅनबेरीची दहा पिंपे होती. 'सॅम्प' म्हणजे भरडलेला मका, आणि हा शब्दच 'नसॉम्प'वरून इंग्रजीत आलेला. युद्धात ज्यांची गावे जाळली त्यांचेच अन्न, त्यांच्याच शब्दासह, राजाला नजराणा म्हणून गेले.

ते इतका लांबचा समुद्रप्रवास टिकले कसे, याचे उत्तर फळातच आहे. क्रॅनबेरीत बेंझोइक आम्ल नैसर्गिकरीत्या असते आणि ते बुरशीला अटकाव करते. साल कणखर असते. आत हवेचे चार कप्पे असतात, म्हणून फळ पाण्यावर तरंगते. नुसत्या थंड पाण्यात ठेवलेले फळ महिनोन्‌महिने राहते. दलदलीतल्या वेलीवर बर्फाखाली राहिलेली फळे वसंतात वेचली तर ती अधिक गोड लागतात. हिवाळ्यात फळ मिळवण्याची आणि टिकवण्याची ही रीत मूलनिवासींनी बसवलेली होती, आणि पुढे जहाजांवर तीच उपयोगी पडली.

या फळाचे नाव 'पेमिकन'शी हमखास जोडले जाते. सुकवलेले मांस कुटायचे, त्यात वितळलेली चरबी ओतायची, सुकी फळे घालायची, आणि ते कातडी पिशवीत भरून ठेवायचे. शब्द क्री भाषेतला, 'पिमी' म्हणजे चरबी यावरून आलेला. परंतु लोकप्रिय पुस्तके सगळ्याच पेमिकनमध्ये सरसकट क्रॅनबेरी घालून मोकळी होतात, तेव्हा थोडे थबकावे. गवताळ मैदानी प्रदेशात, जिथे गव्याच्या मांसाचे पेमिकन होई, तिथे मुख्य फळ सॅस्कटून. क्रॅनबेरी पडायची ती दलदलींच्या मुलखात. पाककृतीला भूगोल असतो. पुरणपोळी 'भारतीय लोक' करतात असे म्हणण्यासारखेच हे आहे.

पश्चिम किनाऱ्यावर चित्र पालटते. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ चा हिवाळा कोलंबिया नदीच्या मुखाशी काढला, तेव्हा तिथल्या लोकांकडून क्रॅनबेरी विकत घेतल्याच्या नोंदी त्यांच्या रोजनिशीत आहेत. म्हणजे हे फळ बाजाराची वस्तू होतेच. त्याच्याही उत्तरेस, आजच्या ब्रिटिश कोलंबियात, दलदलीतल्या लहान क्रॅनबेरीबरोबर 'हायबुश क्रॅनबेरी' नावाचे फळ येते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते वेगळ्याच कुळातले. चव मात्र तितकीच आंबट. ते देवदाराच्या वाफवून वाकवलेल्या पेट्यांत, पाण्यात किंवा उलाकन या लहान माशाच्या तुपासारख्या चरबीत साठवत. झुडुपांच्या काही जागा विशिष्ट घराण्यांच्या मालकीच्या असत, आणि मेजवानीत अशी पेटी उघडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते.

हे आपल्याला सविस्तर कळते ते जॉर्ज हंट यांच्यामुळे. आई त्लिंगिट, वडील इंग्रज, आणि वाढले फोर्ट रूपर्टला क्वाक्वाक्यवाक्व लोकांत. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासाठी त्यांनी हजारो पाने मजकूर क्वाक्वाला भाषेत लिहून पाठवला. १९२१ मध्ये वॉशिंग्टनहून दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही छापले आहे, आणि त्यात पाककृतींचा मोठा विभाग आहे. त्यांतले बरेचसे ज्ञान हंट यांच्या घरातल्या स्त्रियांचे. ग्रंथावर नाव बोआस यांचे, हंट यांचा उल्लेख दुय्यम, आणि ज्यांच्या हातांना ती कृती ठाऊक होती त्या जवळजवळ अदृश्य. असो.

या कृती वाङ्मयप्रकार म्हणून वाचण्याजोग्या आहेत. आपल्या पाकपुस्तकांतली आज्ञार्थी क्रियापदे तिथे नाहीत. कोणीतरी बाई फळे वेचते, तिचा नवरा सरपण आणतो, कोणाला आमंत्रण जाते, चमचे कसे वाटले जातात, खाऊन झाल्यावर काय करायचे, असे ते कथन क्रमाने सरकते. पदार्थ आणि समारंभ यांची फारकत त्यात होतच नाही. आणि नेमके हेच कॅनडाच्या कायद्याला खुपत होते. संपत्ती वाटून टाकणारा 'पॉटलॅच' समारंभ १८८५ पासून १९५१ पर्यंत तिथे गुन्हा होता. ग्रंथ छापला गेला त्याच १९२१ च्या डिसेंबरात व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच झाला. सहभागींवर खटले भरले गेले, काहींना तुरुंगवास झाला, मुखवटे आणि समारंभाची चीजवस्तू सरकारने ताब्यात घेतली. एका देशाच्या सरकारी छापखान्यातून मेजवानीचे वर्णन बाहेर पडत होते आणि शेजारच्या देशात मेजवानी देणारे कोठडीत जात होते.

पूर्वेकडे काय झाले, ते थोडक्यात. १८१६ च्या सुमारास केप कॉडवर हेन्री हॉल याच्या लक्षात आले की, वाऱ्याने वाळू पसरलेल्या जागी वेल जोमाने वाढतो. तिथून व्यापारी लागवड सुरू झाली. डबाबंद सॉस, सहकारी संस्था, थँक्सगिव्हिंगची टर्की हा पुढचा इतिहास सर्वत्र वाचायला मिळतो. १६२१ च्या त्या जेवणाच्या समकालीन वर्णनांत क्रॅनबेरीचा उल्लेख नाही, आणि टर्कीबरोबर क्रॅनबेरी सॉस वाढण्याची सूचना अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पाकपुस्तकात येते. (त्याच ओळीत 'मँगो'ही आहे. तो आपला आंबा नव्हे. भारतातून गेलेल्या आंब्याच्या लोणच्याची नक्कल करून तिकडे जे काही भरून मुरवत, त्यालाच ते नाव पडले होते.)

पाणथळ जमिनीला असा भाव आल्यावर ती कोणाची, हा प्रश्न आलाच. १८७० मध्ये मॅशपी आणि मार्थाज व्हिन्यर्ड बेटावरचे गे हेड यांना रीतसर नगराचा दर्जा मिळाला. नागरिकत्व मिळाले, त्याबरोबर जमीन परक्यांना विकण्यावरचे बंधनही गेले. मॅशपीत जमिनी हातच्या गेल्या आणि पूर्वीचे धनी इतरांच्या मळ्यांत मजुरीने फळे वेचू लागले. गे हेडला तीन गोष्टी वाटणीतून वगळून सामाईक राहिल्या: चिकणमातीचे कडे, हेरिंग माशांचा ओढा आणि क्रॅनबेरीची दलदल. काय विकायचे नाही याची ही यादी कोणत्याही जाहीरनाम्याहून स्पष्ट आहे. १९८७ मध्ये केंद्र सरकारने या वाम्पानोआग समूहाला मान्यता दिली, आणि पुढे ही सामाईक भूमी समूहासाठी विश्वस्त म्हणून राखली गेली. गावाने अक्विना हे जुने नावही परत घेतले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी अक्विना येथे 'क्रॅनबेरी दिन' असतो. समूहातल्या मुलांना त्या दिवशी शाळेतून सुटी मिळते. पूर्वी हा सोहळा काही दिवस चाले आणि कुटुंबे बैलगाड्यांतून दलदलीकडे जात. आता एका दिवसात आटोपतो. वाळूच्या टेकड्यांमागच्या दलदलीत वडीलधारी माणसे आणि मुले वाकून फळे वेचतात, दुपारी तिथेच जेवतात, आणि संध्याकाळी गावजेवण होते.