लव्हबर्ड्स नावाचा परदेशी पाहुणा

पक्ष्यांच्या दुकानात जाऊन ‘लव्हबर्ड्स द्या’ म्हटलं, की दुकानदार बहुतेक वेळा हिरव्या, निळ्या किंवा पिवळ्या चिमुकल्या पोपटांची जोडी काढून देतो. उर्दू बोलणाऱ्या घरांत याच पक्ष्याला ‘ऑस्ट्रेलियन तोता’ म्हणतात. यातलं पहिलं नाव चुकीचं आणि दुसरं बरोबर. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले. आपण पाळतो तो बजरीगर, म्हणजे लाडाचा बजी. पाहुणा कुठल्या मुलखाचा हे ठाऊक नसेल, तर त्याला काय वाढायचं हे तरी कसं कळणार?

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात कोरडा, उजाड प्रदेश आहे. तिथे हे पक्षी थव्यांनी राहतात. कधी कधी एका थव्यात हजारो पक्षी असतात. पाऊस पडेल, गवताला बी धरेल, तिकडे थवा जातो. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. बजरीगर हे नावही तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलं असावं, असं अभ्यासक मानतात. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला आणले आणि पुढच्या काही दशकांत युरोपात त्यांची पैदास सुरू झाली.

रानातला बजी हिरवा, तोंडाशी पिवळा आणि पाठीवर काळ्या लहरी असलेला. पिवळे आणि निळे बजी प्रथम पिंजऱ्यातल्या पैदाशीत मिळाले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. याचं गणित मोठं गमतीचं आहे. पिसातलं पिवळं द्रव्य आणि पिसाच्या रचनेमुळे दिसणारा निळा रंग मिळून हिरवा दिसतो. पिवळं द्रव्य वजा झालं, की उरतो निळा! माणसांनी असे रंग निवडून जपले. १९५८ मध्ये बीबीसीने बोलक्या बजींची स्पर्धा घेतली, तेव्हा स्पार्की नावाचा बजी पहिला आला. त्याला पाचशेहून अधिक शब्द येत होते.

रंग बदलले, बोली बदलली. पण पक्ष्याचा स्वभाव त्या कोरड्या मुलखाचाच राहिला. त्याची निगाही त्यावरूनच ठरते. तो थव्यातला, म्हणून एकटा ठेवू नये. एकटाच असेल, तर रोज त्याच्याशी बोलायला घरात कुणीतरी हवं. तो लांब उडणारा, म्हणून पिंजरा उंच-गोल नको, आडवा आणि रुंद हवा. बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या द्याव्यात. गवताचं बी हे त्याचं अन्न. आपल्याकडे राळे, म्हणजे दुकानातली कांगणी चालते. पण नुसत्या दाण्यांवर तो निरोगी राहत नाही. धुतलेला पालक, कोथिंबीर, किसलेलं गाजर द्यावं. चुन्यासाठी समुद्रफेस टांगावा. पाणी रोज बदलावं. मीठ, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो मुळीच नको. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्याच्या वाफेने हा जीव काही मिनिटांत जातो.

थव्यात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे बजी आजार लपवतो. तो पिसं फुगवून, डोळे मिटून दिवसाही बसून राहिला, तर उद्यावर न ढकलता पशुवैद्याकडे न्यावं.

आम्हा कवींना पिंजरा म्हटलं, की कैद आठवते. फारसी-उर्दू गझलेत ‘कफस’ हा शब्द शतकानुशतकं आहे. दार उघडलं आणि पाखरू उडालं, की शेर पुरा होतो. पुण्य म्हणून बाजारातली पाखरं विकत घेऊन सोडणारी माणसंही सर्व धर्मांत आहेत. आपल्या रानातून पकडलेल्या पोपटासाठी हा कळवळा योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा देशी पोपट पाळणं गुन्हा ठरतं. पण बजी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. इथे त्याचा थवा नाही, रान नाही. त्याला आकाशात सोडलं, तर बहुधा तो उपाशी मरतो किंवा कावळ्या-मांजराच्या तोंडी जातो. त्याच्यापुरती मुक्ती म्हणजे दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून त्याला रोज खोलीभर उडू देणं.

म्हणून खरा विचार करायचा तो विकत घेण्याआधी. नीट सांभाळलेला बजी सात-आठ वर्षं सहज जगतो. दुकानदार जोडीबरोबर भोकाचं मडकंही देतो. ते मडकं म्हणजे त्या पक्ष्याच्या लेखी रानातली ढोली. मादी त्यात चार-सहा अंडी घालते, अठराएक दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती पिल्लं पुढे कुणाच्या घरी जाणार, याचं उत्तर नसेल, तर मडकं टांगू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)