कमलाबाई गोखले : मूकपटातील पहिली मोहिनी

1913 सालच्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्यातील तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले होते. चित्रपटासाठी स्त्री मिळावी म्हणून दादासाहेब फाळके यांनी खटपट केली. परंतु कुलीन घराण्यांतील स्त्रिया तर सोडाच, वेश्यावस्तीतील स्त्रियाही कॅमेऱ्यासमोर येण्यास राजी झाल्या नाहीत.

त्याच वर्षी निघालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या व त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. मुलीचे वय सुमारे तेरा वर्षांचे होते. मायलेकी नाटकमंडळीबरोबर हिंडणाऱ्या असल्याने लोकापवाद त्यांना नवा नव्हता.

कथेची निवडही मार्मिक म्हटली पाहिजे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्या प्रत्येक हावभावाची नक्कल करतो आणि अखेर तिच्यासारखाच हात स्वतःच्या मस्तकावर ठेवून भस्म होतो. येथे शब्दाची गरजच नाही. सारा अर्थ एका हस्तमुद्रेत सामावलेला आहे. मूकपटाला याहून सोयीचे कथानक क्वचितच सापडले असते. परंतु संगीत नाटकात वाढलेल्या या मुलीचा गळा त्या पडद्यावर निरुपयोगी ठरला, हेही खरेच.

कमलाबाईंना ‘पहिली अभिनेत्री’ म्हणून गौरविताना एक गोष्ट दृष्टीआड होते. त्या आल्या म्हणून दार उघडले असे झाले नाही. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांच्याकडेच गेल्या, 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी आली, ती बाळकृष्ण होऊन. कमलाबाईंची खरी कारकीर्द रंगभूमीवर घडली. नाटकमंडळीचे रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मुलगे होते आणि त्यांचे संगोपन त्यांनी अभिनयाच्याच बळावर केले. स्त्रियांच्या नाटकमंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही वठविल्या. साळुंके सीता होत होते त्या काळाला हे साजेसेच होते. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र व विक्रम गोखले हे नातू.

‘मोहिनी भस्मासुर’ आज उपलब्ध नाही. 1990 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत रीना मोहन यांनी केलेल्या अनुबोधपटात मात्र नव्वदीतील कमलाबाई कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात.