दम राखून खेळायची हॉकी

जून उजाडला की वेसाव्याचे, गोराई-मनोरीचे कोळी होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. मालवण-तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंगही पावसाळ्यात बंद असतं. अंधेरी-बोरिवलीहून तिथे जाणाऱ्या हौशी पाणबुड्यांना मग तरणतलावाचाच आधार उरतो. अगदी अशाच अडचणीतून पाण्याखालच्या हॉकीचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये पावसाच्या जागी कडाक्याची थंडी होती, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ज्याक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ हे श्वसनयंत्र तयार केलं. त्यामुळे नौदलाबाहेरच्या माणसांनाही समुद्रतळ गाठता येऊ लागला आणि गावोगावी पाणबुड्यांचे क्लब निघाले. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा साउथसी सब-अ‍ॅक्वा क्लब त्यांतलाच. हिवाळ्यात समुद्र इतका गार पडे की सभासद फिरकेनासे होत. ते टिकावेत आणि त्यांचा दमही टिकावा, म्हणून क्लबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अ‍ॅलन ब्लेक यांनी १९५४ साली सोबत्यांना घेऊन तलावाच्या तळाशी खेळायचा खेळ रचला. सुरुवातीला दोघांविरुद्ध दोघं खेळून नियम पारखले गेले. १९५५च्या आरंभी साउथसी, बोर्नमथ आणि ऑल्डरशॉट या तीन क्लबांत पहिली स्पर्धा झाली आणि साउथसीने ती जिंकली.

प्रत्येक संघात आठ खेळाडू आणि चकती ढकलायला छोटी काठी, म्हणून खेळाचं नाव पडलं ‘ऑक्टोपुश’. नंतर ही संख्या सहावर आली. शिशाची उघडी चकती जाऊन प्लॅस्टिकचं आवरण असलेली आली. त्यामुळे तलावाच्या लाद्या बचावल्या. पुढे हा खेळ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असा पसरला आणि १९८० साली व्हँकुव्हरला पहिली जागतिक स्पर्धा भरली.

या खेळाचे नियम माणसाच्या श्वासावर बेतलेले आहेत. मैदान साधारण २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि दोन मीटरपेक्षा थोडं खोल. दोन्ही टोकांना तळाशी तीन मीटर रुंदीचा धातूचा उथळ पन्हाळ असतो, तोच गोल. चकती सव्वा किलोच्या आसपास, काठी जेमतेम वीतभर किंवा थोडी मोठी. एका संघाच्या काठ्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या काळ्या. गोलरक्षक नसतो, कारण तळाशी ठाण मांडून बसणं कोणालाच शक्य नाही. कितीही कसलेला खेळाडू असला तरी काही सेकंदांनी त्याला वर यावंच लागतं. तेव्हा चकती सोबत्याकडे सरकवायची असते आणि त्या सोबत्यानेही नेमक्या त्याच वेळी बुडी मारलेली असावी लागते. एकट्याच्या बळावर इथे सामना जिंकता येत नाही. या खेळाचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं.

नव्याने शिकणाऱ्याने घाई करू नये. मास्क, स्नॉर्केल, पायात फिन्स, काठी धरलेल्या हातात जाड हातमोजा, कान झाकणारी टोपी आणि दातांसाठी रक्षक एवढं साहित्य लागतं. आधी मान खाली ठेवून पृष्ठभागावर स्नॉर्केलमधून श्वास घ्यायला शिकावं. वर आल्यावर नळीतलं पाणी एका जोरदार फुंकरीने उडवता आलं पाहिजे. मग कमरेत वाकून, पाय सरळ वर घेऊन बुडी मारायची. कानात दडा बसला की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दडा सुटला नाही तर वर यायचं, जबरदस्ती करायची नाही. मास्कमधून वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते, त्यामुळे पहिले काही फटके हमखास चुकतात. सरावाने अंदाज बसतो.

एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग वर येण्याची ओढ वेळेवर जाणवत नाही आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. म्हणून नेहमीसारखे एक-दोन श्वास पुरेत, आणि दम रोखण्याचा सराव एकट्याने कधीच करू नये.

आपल्या उपनगरांत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलापासून मुलुंडच्या प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुलापर्यंत तरणतलाव आहेत. तिथे पोहणं शिकलेली मुलं परीक्षा पास झाल्यासारखी दोन-तीन हंगामांत पाण्यापासून दुरावतात. त्यांना पाण्यात धरून ठेवील असा सांघिक खेळ हवा. तलाव चालवणाऱ्यांनी आठवड्यातला एक तास, तलावाचा खोल भाग आणि एक जाणता जीवरक्षक या खेळासाठी द्यावा. साउथसीत सुरुवात याहून मोठी नव्हती.